१६ जीबीत जागा मिळेना!

संगणकात १६ जीबी रॅम, त्यातली निम्मी रिकामी, आणि जावात लिहिलेला प्रोग्राम गळा काढतो : 'आउट ऑफ मेमरी एरर, जावा हीप स्पेस'. हीप म्हणजे प्रोग्रामच्या वस्तू (ऑब्जेक्ट) ठेवायची मेमरी; तिची कमाल मर्यादा सांगितली नाही, तर जावा साधारण पाव रॅमवर, म्हणजे ४ जीबीवर, समाधान मानते. इतकी अल्पसंतुष्टता मी माणसांतही पाहिलेली नाही.

मग जो तो सांगतो, 'एक्सएमएक्स वाढवा', म्हणजे हीच कमाल मर्यादा ठरवणारा पर्याय. वाढवा की! पण कमांडमध्ये तो पर्याय जार फाइलच्या (प्रोग्रामच्या गठ्ठ्याच्या) नावाआधी हवा. नंतर लिहिलात तर तो जावाकडे न जाता प्रोग्रामच्या पदरात पडतो, आणि प्रोग्राम बहुधा निमूटपणे गिळतो. एक्लिप्स या प्रोग्राम लिहिण्याच्या साधनाच्या आयएनआय (सेटिंगच्या) फाइलमध्ये त्याला 'व्हीएमआर्ग्ज'च्या खाली स्वतंत्र ओळ लागते. विंडोजवर जावा ३२ बिटची असेल तर दीड जीबीच्या आसपासच गाडी अडते. त्यापुढे मागाल तर ती सुरूच होत नाही. खरोखर किती मिळालं ते जावाच्या जेसीएमडी या कमांडच्या 'व्हीएम फ्लॅग्ज'मध्ये पाहावं, सल्लागाराच्या चेहऱ्यावर नाही.

एवढं करून होतं काय? जेवणाआधी मरणारा प्रोग्राम आता संध्याकाळी, नेमका 'सेव्ह' दाबायच्या आधी मरतो.

'जावात गार्बेज कलेक्टर आहे, लीक होतच नाही' म्हणणाऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार. हा कलेक्टर, म्हणजेच जीसी, कोणीच न धरलेल्या वस्तू मेमरीतून उचलतो; लीक म्हणजे नको असूनही अडकून राहिलेली मेमरी. घंटागाडी रोज दारात येते, पण 'असू दे, लागेल कधीतरी' म्हणून धरून ठेवलेलं सामान ती कसं नेणार? बंद केलेली खिडकी लिसनरच्या, म्हणजे काही घडलं की कोणाला कळवायचं त्यांच्या, यादीत तशीच असते. 'कॅश' असं भारदस्त नाव घेतलेल्या स्टॅटिक मॅपमध्ये (प्रोग्राम संपेपर्यंत जिवंत राहणाऱ्या यादीत) नुसती भर पडते, काढत कोणीच नाही. फोटोंचं तर विचारूच नका. ६००० बाय ४००० पिक्सेलचा जेपेग डिस्कवर ८ एमबी; पिक्सेलला ४ बाइट धरले की मेमरीत ९६ एमबी! बोटभर थंबनेलसाठी अख्खा फोटो कशाला उलगडायचा? वाचतानाच सबसॅम्पलिंग करावं, म्हणजे मधले पिक्सेल गाळावेत.

चोर पकडायला 'हीप डंप ऑन आउट ऑफ मेमरी एरर' हा पर्याय आधीच लावून ठेवावा. डंप, म्हणजे त्या क्षणीच्या हीपची नोंद, हीपएवढा मोठा होऊ शकतो, तेव्हा डिस्कवर जागा हवी. तो उघडायचा एक्लिप्स मेमरी ॲनलायझरमध्ये, आणि हाही डेस्कटॉपवरचा जावा प्रोग्रामच! त्याची मूळ मर्यादा १ जीबी. मोठा डंप दिलात की तोही मेमरी संपल्याची तक्रार करतो. म्हणजे आधी वैद्याचं एक्सएमएक्स वाढवायचं, मग रोग्याचं बघायचं.

तिथे डॉमिनेटर ट्री (कोणामुळे काय मेमरीत अडकलंय याची उतरंड) 'रिटेन्ड हीप'नुसार, म्हणजे ती वस्तू गेली तर किती मेमरी सुटेल त्यानुसार, लावावी, सर्वांत वरच्या वस्तूवर राइट क्लिक करून जीसी रूटपर्यंतचा (जिथून जीसी शोध सुरू करतो तिथपर्यंतचा) मार्ग काढावा, वीक रेफरन्सेस, म्हणजे वस्तूला धरून न ठेवणारे दुवे, वगळून. धरून ठेवणारा तिथेच सापडतो. तो लिसनरची यादी असेल, तर खिडकी बंद होताना तिचा लिसनर काढून टाकायचा. मग तीच खिडकी वीसेक वेळा उघडझाप करायची, व्हिज्युअलव्हीएम या जावावर नजर ठेवणाऱ्या साधनात जीसी चालवायचं आणि त्या खिडकीच्या क्लासच्या किती प्रती उरल्या ते मोजायचं. वीसच्या वीस हजर असतील, तर दुसरा कोणी धरून बसलाय; नवा डंप काढा.