डिरॅकच्या ऑपरेटरला तळच नसतो

डिरॅकच्या समीकरणावर, म्हणजे सापेक्षता धरून इलेक्ट्रॉनचं वर्णन करणाऱ्या क्वांटम समीकरणावर, तुम्ही मराठीत लेख छापलात याचाच आधी आनंद झाला. सांगलीत एम.एस्सी.च्या मुलांना क्वांटम मेकॅनिक्स शिकवतो, त्यांना लगेच पाठवला. पण ‘डिरॅकचं समीकरण म्हणजे श्रोडिंगरच्या समीकरणाला सापेक्षतेची दुरुस्ती’ हे लेखातलं वाक्य मला पटलं नाही.

श्रोडिंगरच्या समीकरणात हायड्रोजनच्या ऊर्जेला तळ असतो, त्याखाली ती जाऊच शकत नाही. डिरॅकच्या १९२८ च्या समीकरणात तो नाही. मुक्त इलेक्ट्रॉनचा स्पेक्ट्रम, म्हणजे त्याला शक्य असलेल्या ऊर्जांचा संच, दोन तुकड्यांत पडतो: एक ०.५११ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टपासून वर अनंतापर्यंत, दुसरा उणे ०.५११ पासून खाली, त्यालाही अंत नाही. हायड्रोजनच्या बद्ध अवस्था, म्हणजे इलेक्ट्रॉन अणुकेंद्राला बांधलेला असतो त्या, मधल्या फटीत बसतात. त्यामुळे ‘सर्वांत कमी ऊर्जा शोधा’ ही नेहमीची युक्ती इथे थेट चालत नाही. मुलं हमखास इथेच अडतात.

याहून सुंदर गोष्ट लेखात राहूनच गेली. अणुकेंद्र बिंदुवत मानलं, तर अणुक्रमांक ११८ पर्यंत डिरॅकचा ऑपरेटर (समीकरणातली ऊर्जा दाखवणारी गणिती क्रिया) एकाच प्रकारे सेल्फ-अ‍ॅडजॉइंट होतो, म्हणजे त्यातून वास्तव संख्यांतल्याच ऊर्जा मिळतील अशी त्याची नेमकी व्याख्या करता येते. पुढे १३७ पर्यंत अनेक पर्यायांतून भौतिकदृष्ट्या योग्य तो निवडावा लागतो. आणि आजच्या आवर्तसारणीतलं शेवटचं मूलद्रव्य, ओगानेसॉन, नेमकं ११८ वं! हा निव्वळ योगायोग आहे, पण वर्गात सांगितला की सगळे सरसावून बसतात.

पुढच्या भागात स्कॅटरिंग, म्हणजे कणांचं एकमेकांवरून विखुरणं, जरूर घ्या. विद्युतभारांमधलं कूलोम बल इतकं दूरवर पोचतं की कणाची मुक्त गती आणि बलाखालची गती जोडणारे नेहमीचे वेव्ह ऑपरेटर अस्तित्वातच येत नाहीत, लॉगॅरिदमची दुरुस्ती जोडावी लागते. ते मराठीत वाचायला मिळालं तर फार बरं होईल.