लाईन मराठीच आहे, कोशात तशी नोंदवा

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर परवा कुणीतरी लिहिलं, 'मेन रोडची पाण्याची लाईन फुटलीय, भरून ठेवा.' त्यावर एका काकांनी लगेच सुनावलं, 'मराठीत लिहा, जलवाहिनी म्हणा.' काकांचं मराठीवर मनापासून प्रेम आहे, म्हणूनच त्यांना सविस्तर उत्तर द्यावंसं वाटलं. ग्रुपवर ते मावलं नसतं, म्हणून इथे लिहितेय.

माझं म्हणणं असं, की 'लाईन' हा मुंबईच्या मराठीने कमावलेला शब्द आहे. इंग्रजीत त्याचे अर्थ पुष्कळ आहेत: रेघ, दोरी, कवितेची ओळ, नाटकातलं वाक्य, सैन्याची फळी, घराण्याची शाखा. आपण त्यातले हवे ते उचलले, नको ते सोडले आणि काही तर इंग्रजांच्या स्वप्नातही नसलेले तयार केले. म्हणून मराठी शब्दकोशात त्याला 'इंग्रजी' असा शिक्का मारून एका ओळीत उरकू नये.

आधी त्याचं व्याकरण बघा. इंग्रजीत लाईनला लिंगच नाही. आपण तिला स्त्रीलिंगी केलं. कुणी ठरवलं? कुणीच नाही. रेघ, ओळ, रांग, रेषा या सगळ्या 'ती', म्हणून लाईनही 'ती' झाली. पुढे तिचं अनेकवचन 'लाईनी' झालं, 'लाईनीत', 'लाईनीला', 'लाईनीतून' अशी विभक्तीही लागली. शब्द ज्या भाषेचे प्रत्यय घेतो, त्या भाषेचा होतो. पगार, चावी, बटाटा, बादली हे पोर्तुगीजांकडून असेच आले. फलाट म्हणजे प्लॅटफॉर्मच, पण फलाटावर उभं राहून कुणी काकांना इंग्रजी बोलल्याचा दोष देणार नाही.

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली, आणि या शहराचा नकाशाच मग लाईनींवर बसला. वेस्टर्न, सेंट्रल, हार्बर. मुंबईत 'कुठल्या लाईनला राहता?' हा प्रश्न विचारला, की भाडं किती असेल, ऑफिसला किती वाजता निघावं लागत असेल, रविवारी मेगाब्लॉक कुणाचा, हे सगळं एका उत्तरात कळतं. दादरला तर दोन लाईनींचे फलाट वेगवेगळे मोजायचे, त्यामुळे एक नंबर दोन-दोन. २०२३ च्या डिसेंबरात ते सलग १ ते १४ केले, तरी आजही पुलावर माणूस विचारतो ते 'सेंट्रल लाईनचा कुठला?' असंच. सरकारी कागदात मेट्रोला 'मार्गिका' म्हणतात. चांगला, नेमका शब्द आहे. पण घाटकोपरच्या जिन्यावर गर्दीत कुणाला 'मार्गिका एक कुठे?' असं विचारताना मी अजून ऐकलेलं नाही.

मरीन लाईन्सचं नाव मात्र रुळांवरून पडलेलं नाही, आणि हे माझ्या ओळखीच्या कितीतरी मुंबईकरांना माहीत नाही. समुद्राकाठची लाईन म्हणून मरीन लाईन्स, असं सहज वाटतं. इंग्रजी लष्करी बोलीत 'लाईन्स' म्हणजे सैनिकांच्या राहण्याच्या ओळीने बांधलेल्या खोल्या. तिथे मरीन बटालियनच्या लाईन्स होत्या, म्हणून ते नाव. महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावातली 'पोलीस लाईन' त्याच अर्थाची. नागपूरची सिव्हिल लाईन्सही त्याच घराण्यातली. पलटणी गेल्या, बराकी गेल्या, आणि तो लष्करी अर्थ लोकल गाडीच्या उद्घोषणेत रोज ऐकू येत राहिला.

धंद्यातल्या लाईनी मला सगळ्यात आवडतात. पहाटे स्टेशनबाहेर पेपरचे गठ्ठे सुटतात, पुरवण्या आत सरकवल्या जातात आणि पोरं 'लाईन टाकायला' निघतात. इथे लाईन म्हणजे ठरलेल्या इमारती, ठरलेले मजले, कुणाकडे कुठला पेपर, कुणाकडे फक्त रविवारी. ही लाईन कागदावर नसते, पोराच्या डोक्यात असते. तो गावी गेला, की बदलीच्या पोराला आधी बरोबर फिरवून लाईन दाखवावी लागते. दुधाचीही अशीच. आणि मग 'तुमचा मुलगा कुठल्या लाईनला आहे?' याचं उत्तर 'हार्बर' असू शकतं, तसंच 'मेडिकल' किंवा 'फिल्म लाईन' असू शकतं. लग्नाच्या हॉलमध्ये हा घोळ होतो, आणि विचारणारा लगेच 'राहायला की कामाला?' अशी जोड देतो. 'पोरगं लाईनीला लागलं' या वाक्यात आईच्या जिवाला मिळालेला जो थंडावा आहे, तो 'स्थिरस्थावर झाला' म्हणून येत नाही. अकोल्याकडची माझी मावसबहीण 'लाईन गेली' म्हणते तेव्हा वीज गेलेली असते. मुंबईत आपण 'लाईट गेली' म्हणतो.

शब्दाच्या मुळाशी गेलं तर आणखी मजा आहे. लॅटिनमध्ये 'लिनम' म्हणजे जवस. जवसाच्या देठापासून निघालेल्या धाग्याचा दोरा, तो 'लिनिआ', त्यातून लाईन. लिनन तिथलंच, आणि ब्लाऊजचं लायनिंगही तिथलंच. म्हणजे आपण ज्याची चटणी करतो, त्या झाडापासून हा शब्द निघालाय. आता बांधकामावर गवंडी विटांचा थर सरळ ठेवायला दोन टोकांना खिळे ठोकून जी ताणतो, तिला 'लाईनदोरी' म्हणतात. लाईन हा मुळात दोराच. शिकलेल्यांनी विसरलेला तो अर्थ गवंड्याने दोरीच्या शेजारी आणून बसवला. आपल्याकडेही 'सूत्र' म्हणजे आधी धागा, मग नियम. दोन्हीकडच्या माणसांनी सरळपणा शिकला तो ताणलेल्या दोऱ्याकडून.

आता काकांची बाजू, कारण ती मला खोटी वाटत नाही. शब्द घडवूच नयेत, असं मी म्हणत नाही. सावरकरांचा 'महापौर' रुळला, आज कुणाला तो घडवलेला आहे हेही जाणवत नाही. 'जलवाहिनी' वर्तमानपत्रात चांगली स्थिरावली आहे, तिथे ती राहू दे. पण नळाला पाणी नाही म्हणून हंडा घेऊन खाली धावणाऱ्या बाईच्या तोंडचा शब्द दुरुस्त करू नका.

माझी खरी काळजी वेगळी आहे. लाईन जिथे नवं काही घेऊन आली तिथे ती हवीच. जिथे घरातला शब्द उत्तम होता तिथेही ती बसली, तिथे मला वाईट वाटतं. जूनमध्ये भाचीसाठी वह्या आणायला गेले आणि दुकानात 'दुरेघी' मागितली. काउंटरवरचा मुलगा मराठीच होता, चुणचुणीत होता, पण त्याला कळेना. मागून मालक म्हणाले, 'अरे, डबल लाईन.' दुरेघी, चौरेघी. किती लहान, किती नेमके शब्द! पट्टी धरून ओढायची ती रेघ, कवितेची ती ओळ, भूमितीतली ती रेषा, रेशनच्या दुकानापुढची ती रांग. एका लाईनच्या जागी आपल्याकडे चार शब्द होते, चार वेगळी कामं करणारे. लालबागला गणपतीत 'नवसाची रांग' आणि 'मुखदर्शनाची रांग' अजून रांगच आहे, याचा मला आनंद आहे. पण 'कवितेच्या चार लाईनी पाठ कर' असं घरात ऐकलं, की मी थांबवते. ओळ म्हण. तिथे लाईनने काहीच नवं आणलेलं नाही. जलवाहिनीसाठी भांडण्याऐवजी काकांनी रेघेसाठी भांडावं, मी त्यांच्या बाजूने उभी राहीन.

आणि एका अर्थाबद्दल स्पष्ट बोलायचंय. 'लाईन मारणे', 'लाईन देणे' हे आपण तयार केलेले प्रयोग. दोघांना एकमेकांकडे बघायला आवडतंय, गॅलरीतून, खिडकीतून, कॉलेजच्या जिन्यावर, त्याला हा शब्द गोड आहे आणि त्याने तिथे खुशाल राहावं. पण हाच शब्द त्या माणसालाही वापरला जातो, जो रोज त्याच गाडीला येतो, लेडीज डब्याच्या जाळीपलीकडून एकटक बघतो, उतरल्यावर स्टेशनबाहेर रिक्षापर्यंत मागे येतो. मुलगी घरी सांगते, तर उत्तर मिळतं, 'लाईन मारत असेल, लक्ष देऊ नको.' आपल्या एका हलक्या शब्दाने पाठलाग हा गुन्हा खोडीच्या खात्यात जातो. कायद्यात मात्र २०१३ पासून तो स्वतंत्र गुन्हा आहे. म्हणून कोशात लाईनची नोंद होईल तेव्हा हे दोन अर्थ वेगळे लिहावेत, आणि दुसऱ्याच्या पुढे सरळ लिहावं: पाठलाग करणे, छळणे.