डीएमयूच्या फोटोत आधी गाडीचं तोंड बघा

रेल्वेच्या ग्रुपांवर जुन्या ब्रिटिश डिझेल गाड्यांचे फोटो फिरतात आणि खाली ठरलेली ओळ असते: 'इंग्लंडमधली जुनी लोकल, १९५० च्या आसपास.' वर फोटोत बघावं तर गाडीचं अख्खं तोंड पिवळंधमक! ब्रिटिश रेल्वेच्या या डीएमयू (डिझेल मल्टिपल युनिट, म्हणजे वेगळं इंजिन न जोडता डब्याखालच्या डिझेल इंजिनांवर धावणाऱ्या गाड्या) धावायला लागल्या १९५४ साली, लीड्स-ब्रॅडफर्ड भागात. तोंड असं पूर्ण पिवळं व्हायला त्यानंतर आणखी बारा-तेरा वर्षं गेली. (ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या १९३० च्या दशकातल्या रेलकार वेगळ्या. त्यांचा तो गुळगुळीत, गोलसर आकार एकदा पाहिला की गल्लत होत नाही.)

या गाड्यांच्या फोटोवर 'आसपास' लिहायची सहसा गरजच नसते. तारीख फोटोतच असते, वाचायची तसदी घ्यावी लागते. आणि तीच आपण फोटो कापून, रंगवून, 'एन्हान्स' करून पुसून टाकतो. माझं भांडण आहे ते याच्याशी.

आधी रंग. सुरुवातीच्या गाड्या हिरव्या, अंगावर आडव्या क्रीम रेघा. थोड्याच वर्षांत तोंडावर मिशीसारखे क्रीम पट्टे आले. तिकडचे शौकीन त्यांना मिश्याच म्हणतात. रुळांवर काम करणाऱ्या गँगला हिरवी गाडी लांबून दिसत नाही, आणि वाफेच्या इंजिनासारखी तिची चाहूलही लागत नाही, म्हणून १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला मिश्यांच्या जागी पिवळा चौकोनी पट्टा आला. १९६६ पासून गाड्या निळ्या होऊ लागल्या आणि त्याच सुमारास पूर्ण तोंड पिवळं करायला सुरुवात झाली. १९७४ नंतर डागडुजी केलेल्या काही गाड्यांना पांढरा रंग आणि खिडक्यांखाली निळा पट्टा मिळाला. डिझेलच्या गाडीला पांढरा रंग देण्याची कल्पना ज्याच्या डोक्यातून निघाली, त्याने ती गाडी कधी स्वतः धुतली नसावी. थोड्याच वर्षांत तो रंग जाऊन निळा-करडा आला.

इथे एक गोम आहे. रंग फक्त खालची मर्यादा देतो. पूर्ण पिवळं तोंड दिसलं म्हणजे फोटो १९६६ च्या आधीचा नाही, एवढंच ठरतं. हिरवी गाडी दिसली म्हणून फोटो १९६६ च्या आधीचा, असं मात्र म्हणता येत नाही. वर्कशॉपचा नंबर लागेपर्यंत गाडी जुन्याच रंगात धावायची, त्यामुळे हिरव्या अंगावर पूर्ण पिवळं तोंड असंही सापडतं. एकाच गाडीत एक डबा हिरवा आणि एक निळा, हेही. असा फोटो मिळाला तर तो सोन्यासारखा जपा, कारण तो संक्रमणाच्या त्या दोन-चार वर्षांतला असतो.

वरची आणि खालची, दोन्ही मर्यादा मिळतात त्या डब्याच्या नंबरावरून. १९८३ मध्ये ५० ने सुरू होणारे मोटर डब्यांचे (इंजिन असलेल्या डब्यांचे) नंबर बदलून ५३ ने सुरू होणारे केले आणि ५६ वाल्या ट्रेलरांचे (बिनइंजिनाच्या डब्यांचे) ५४. कारण निव्वळ संगणकी. क्लास ५० आणि क्लास ५६ या लोकोमोटिव्हांचे नंबरही ५०००१, ५६००१ असेच होते आणि एकाच यंत्रणेत दोन वाहनांना एक नंबर चालणार नव्हता. म्हणून अंगावर ५० दिसला तर फोटो त्या बदलाच्या नंतरचा नाही, ५३ दिसला तर आधीचा नाही. ५१ ने सुरू होणारे मात्र तसेच राहिले, त्यांच्यावर हा नियम लावू नका. नंबराआधीचं अक्षर विभाग सांगतं: एम म्हणजे लंडन मिडलंड, डब्ल्यू म्हणजे वेस्टर्न, ई म्हणजे ईस्टर्न किंवा नॉर्थ ईस्टर्न. डबा विभाग बदलायचा तेव्हा अक्षर बदलायचं, आकडे तेच.

फलाटावरची पाटीही बघा. 'टोटेम' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या इनॅमलच्या लांबट पाट्यांचा रंग विभागाप्रमाणे ठरलेला होता. सदर्नचा हिरवा, वेस्टर्नचा चॉकलेटी, लंडन मिडलंडचा लालसर मरून, ईस्टर्नचा गडद निळा, नॉर्थ ईस्टर्नचा नारिंगी, स्कॉटलंडचा फिका निळा. नाव वाचता आलं नाही तरी रंगावरून अर्धा देश गाळता येतो. पांढऱ्यावर काळी साधी अक्षरं आणि दुहेरी बाण (ब्रिटिश रेल्वेचं नवं बोधचिन्ह) दिसला, तर १९६५ किंवा नंतर.

फोटो कृष्णधवल असेल तर हिरवा आणि निळा दोन्ही सारखेच करडे दिसतात. तेव्हा रंगावर हुज्जत घालू नका, रेघा शोधा. अंगावर आडव्या फिक्या रेघा असतील तर हिरवा, कोरी पाटी असेल तर बहुतेक निळा. पिवळा पट्टा फिका करडा येतो, तो लगेच कळतो. आणि हे सगळं बघायच्या आधीच कुणीतरी तो फोटो एका बटणावर रंगवून टाकतं! यंत्राला ब्रिटिश रेल्वेचा हिरवा ठाऊक नसतो, ते तपकिरी नाहीतर निळसर काहीतरी भरतं. 'एन्हान्स' त्याहून वाईट. पुसट ३ चा ते खुशाल ८ करतं, आणि पुढचे लोक तो नंबर खरा धरून यादीत टाकतात. मूळ धूसर स्कॅन शंभर पट बरा.

बफरांच्या आसपास रंगवलेलं एक छोटं चिन्ह असतं, ते कापू नका. बहुतेक गाड्यांवर निळा चौकोन, काहींवर पिवळा हिरा, लाल त्रिकोण, पांढरं वर्तुळ किंवा नारिंगी तारा. गाड्या एकमेकींना जोडून एकाच केबिनमधून चालवायच्या तर चिन्ह सारखं लागायचं. निळ्या चौकोनाला लाल त्रिकोण जोडून चालत नसे, कारण गिअरची आणि नियंत्रणाची व्यवस्थाच वेगळी. लाल त्रिकोण दिसला की दोनच घराणी धुंडाळायची: डर्बीच्या कारखान्यातल्या अगदी पहिल्या हलक्या गाड्या, नाहीतर सेंट पँक्रस-बेडफर्ड मार्गावरचा क्लास १२७. डर्बीच्या हलक्या गाड्या एकूणच अॅल्युमिनियमच्या होत्या आणि त्यातल्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच उरल्या आहेत.

आता या गाडीचं पोट. खरं सांगायचं तर ही रुळांवर ठेवलेली बसच. मोटर डब्याच्या फरशीखाली दोन इंजिनं आडवी झोपवलेली, प्रत्येकी १५० अश्वशक्तीची, एईसी किंवा लेलँडची. प्रत्येक इंजिन आपापल्या बोगीचा (डब्याखालच्या चाकांच्या सांगाड्याचा) एक आस फिरवतं. इंजिनापुढे तेलाने भरलेलं फ्लुइड फ्लायव्हील, मग फ्रीव्हील, मग चार गिअरचा एपिसायक्लिक गिअरबॉक्स, मग कार्डन शाफ्ट, आणि आसावर फायनल ड्राइव्ह. त्यातच पुढे-मागे करायची सोय. वेग ताशी ७० मैल, म्हणजे सुमारे ११३ किलोमीटर. १९५५ मध्ये मद्रासच्या अशोक मोटर्सचं 'अशोक लेलँड' झालं ते याच लेलँडमुळे, तेव्हा आपल्या एसटीच्या लेलँड गाड्यांची आणि या डब्यांची भावकी तिथली.

त्या गाडीत बसलेल्यांच्या आठवणीत जो आवाज असतो, तो या साखळीतून येतो. ड्रायव्हर थ्रॉटल पूर्ण बंद करायचा, इंजिनांचे फेरे खाली यायची दोन-तीन सेकंद वाट बघायचा, गिअरचा दांडा पुढच्या घरात टाकायचा आणि मग परत थ्रॉटल. म्हणून तो चढत जाणारा घोंघाट, मध्येच पोकळी, आणि पुन्हा खालच्या सुरातून घोंघाट. वाट न बघता गिअर टाकला की डबा हिसका द्यायचा आणि गिअरबॉक्सच्या आतले ब्रेकबँड झिजायचे. स्टेशन जवळ आलं की फ्रीव्हीलमुळे गाडी नुसती घरंगळत यायची, इंजिनं आयडलवर आणि खिडक्यांच्या काचा थडथडत. उभ्या गाडीत ती थडथड सर्वांत जास्त.

बिघाडही ठरलेले. दिशा बदलताना एखादा फायनल ड्राइव्ह उलटायचाच नाही. केबिनमध्ये प्रत्येक इंजिनाचा आणि आसाचा दिवा असायचा. तो लागला नाही तर तसंच रेटणं म्हणजे एक बोगी पुढे आणि एक मागे ओढणार. रेडिएटरचं पाणी उतरलं की इंजिन आपोआप बंद पडायचं, आणि चारपैकी तीन इंजिनांवर गाडी रडतखडत पोहोचायची. हे फोटोतही दिसतं. प्रत्येक इंजिनाची धुराची नळी वेगळी असते. एकीतून धूर आणि दुसरी कोरडी असेल, तर एक इंजिन बहुधा बंद आहे. पांढरा धूर थंड इंजिनाचा, न जळलेल्या डिझेलचा. काळा धूर म्हणजे इंजेक्टर किंवा हवेचा फिल्टर मागे लागलाय.

पण सगळ्यात जास्त आठवण निघते ती पहिल्या बाकाची. ड्रायव्हरच्या पाठीमागे काच होती. पुढच्या बाकावर जागा मिळाली की ड्रायव्हरच्या खांद्यावरून समोरचे रूळ, सिग्नल, बोगदा सगळं दिसायचं. वाफेच्या गाडीत हे भाग्य फक्त ड्रायव्हर-फायरमनचं. रात्री मात्र डब्यातल्या दिव्यांचं प्रतिबिंब समोरच्या काचेत पडतं म्हणून ड्रायव्हर मागचा पडदा ओढून घ्यायचा. त्या काचेतून समोरचे फोटो काढलेत कुणीकुणी. त्यांची कुणी फारशी कदर करत नाही आणि मला वाटतं हेच सगळ्यात मोलाचे, कारण पुढे बंद झालेल्या फाट्यांचे रूळ त्यांत सरळ समोरून दिसतात.

आपल्याकडची पुणे-दौंड डेमू यांची सख्खी बहीण नव्हे. तिचं इंजिन केबिनमागे खोलीएवढी जागा अडवून बसतं आणि वीज तयार करतं. तिची नातलग म्हणजे इंग्लंडच्या दक्षिणेतली 'थंपर', इंग्लिश इलेक्ट्रिकचं चार सिलिंडरांचं धडधडणारं धूड फरशीच्या वर घेऊन फिरणारी. त्यातल्या हेस्टिंग्जच्या गाड्यांचे डबे फोटोत सपाट आणि अरुंद दिसतात, तो लेन्सचा दोष नाही. त्या मार्गावरच्या बोगद्यांत कंत्राटदाराने ठरल्यापेक्षा कमी थर विटा लावल्या होत्या. ते उघडकीला आल्यावर आतून आणखी थर द्यावे लागले आणि बोगदा आखडला. एकोणिसाव्या शतकात वाचवलेल्या विटांपायी १९५७ मध्ये मुद्दाम अरुंद गाड्या बांधाव्या लागल्या! १९८६ ला वीज आली तेव्हा अरुंद बोगद्यांत एकच रूळमार्ग मधोमध टाकून प्रश्न मिटवला.

एवढ्या हजारो डब्यांचे फोटो त्या मानाने कमी का? कारण १९६८ च्या ऑगस्टपर्यंत कॅमेरेवाले वाफेमागे धावत होते आणि डीएमयू हा त्यांचा खलनायक होता. फिल्म महाग, मग ती 'बसवर' कोण घालवणार? शिवाय फिल्म मंद. १० एएसएच्या कोडाक्रोम या रंगीत फिल्मवर लख्ख उन्हातही १/१२५ सेकंदासाठी लेन्स एफ/४.५ च्या आसपास उघडावी लागते. ताशी ६० मैलांची गाडी तेवढ्यात एकवीस सेंटिमीटर सरकते. म्हणून जुन्या रंगीत फोटोंत या गाड्या फलाटावर उभ्याच दिसतात. लोक जागे झाले ते १९८०च्या दशकात, पेसर आणि स्प्रिंटर या नव्या डिझेल गाड्या आल्यावर. तोवर कित्येक प्रकार भंगारात गेले होते. काहींच्या भिंतींत निळा अॅस्बेस्टॉस होता, तो काढण्याचा खर्च डब्याच्या किमतीपेक्षा जड. जे टिकले ते मात्र चिवट. मेट्रो-कॅमेल कंपनीचा क्लास १०१ मँचेस्टरला डिसेंबर २००३ पर्यंत धावला आणि १९६० ची एका डब्याची 'बबल कार' एल्सबरी-प्रिन्सेस रिझबरो मार्गावर थेट मे २०१७ पर्यंत.

ज्यांच्या घरी साठ-सत्तरच्या दशकात तिकडे डॉक्टरकी-इंजिनिअरिंग करायला गेलेल्या काका-आत्यांचे स्लाइडचे डबे पडून आहेत, त्यांनी थोडं ऐका. स्लाइड प्रोजेक्टरवर लावून बघू नका. कोडाक्रोम अंधारात कैक वर्षं टिकतो, पण प्रोजेक्टरच्या उजेडात लवकर विटतो. चकचकीत बाजू आपल्याकडे धरली की चित्र सुलट. खात्री हवी असेल तर ड्रायव्हर बघा. तो केबिनमध्ये स्वतःच्या डावीकडे बसतो, म्हणजे समोरून येणाऱ्या गाडीत तुमच्या उजव्या हाताला दिसला पाहिजे. गाडी दोन्हीकडून सारखी असल्याने उलटे स्कॅन सर्रास खपून जातात. स्कॅनरवर इन्फ्रारेडने धूळ काढायची सोय असेल तर कोडाक्रोम आणि कृष्णधवल फिल्मसाठी ती बंद ठेवा. कृष्णधवलमधली चांदी इन्फ्रारेड अडवते आणि कोडाक्रोमच्या कडा खरवडल्यासारख्या येतात. ब्लोअरने धूळ उडवा, बस. ४००० डीपीआयला एका ३५ मिमी चौकटीचे साधारण ५६७० बाय ३७८० पिक्सेल मिळतात, डब्याचा नंबर वाचायला पुष्कळ. टिफ ठेवा, जेपीजी वाटा. आणि स्लाइडच्या पुठ्ठ्याच्या चौकटीचाही दोन्ही बाजूंनी फोटो काढा, तिच्यावर अनेकदा महिना-वर्षाचा शिक्का किंवा पेन्सिलीची ओळ असते. ती ओळ पोस्टमध्ये जशीच्या तशी टाइप करा, कारण फाइलमध्ये भरलेली माहिती फेसबुक काढून टाकतं.

आणि स्लाइडच्या त्या डब्यात निळी-पांढरी, आलिशान, दोन्ही टोकांना पॉवरकार (इंजिनाचा डबा) असलेली गाडी दिसली तर आधी ग्रुपवर टाका. ती ब्लू पुलमन, १९६० ते १९७३. छत्तीस डबे बांधले होते, एकही जपला गेला नाही. तोंडावर पिवळा रंग नसेल तर फोटो सुरुवातीच्या वर्षांतला. करड्या अंगावर खिडक्यांपाशी निळा पट्टा आणि पूर्ण पिवळं तोंड असेल तर अखेरच्या.