आधी नाव सांगा, मग बोला?

कुणा अभिनेत्रीला ट्रोल केलं, कुणा पत्रकार बाईंना धमक्या आल्या, की दुसऱ्या दिवशी आपल्याकडे एक उपाय हमखास निघतो. "सगळी अकाउंट्स आधारला जोडा. खऱ्या नावाशिवाय कुणाला लिहूच देऊ नका. बघा कसे सुतासारखे सरळ होतात." असं म्हणणारी माणसं वाईट नसतात, वैतागलेली असतात. पण असा कायदा आला तर सरळ कोण होईल, याचा त्यांचा अंदाज मला साफ चुकीचा वाटतो.

माझ्या पोस्टवर येऊन घाण ओकणारे बहुतेक जण नाव-आडनावासकट येतात. पाणीपट्टीवर लिहिलं होतं तेव्हा "बाईमाणसाने आधी स्वयंपाकघर सांभाळावं" ही त्यातल्या त्यात छापण्याजोगी कमेंट होती. लिहिणाऱ्या गृहस्थांचं पूर्ण नाव, गाव, नोकरी, सगळं प्रोफाइलवर. फोटोत शेजारी बायको, कडेवर नात, मागे रांजणगावच्या महागणपतीचं मंदिर. यांचं आधार कार्ड मागून काय साधणार? खाली त्यांच्याच मित्रांचे अंगठे पडले होते.

आता दुसरी बाजू बघा. नोव्हेंबर २०१२. बाळासाहेब ठाकरे गेले, मुंबई बंद होती. पालघरच्या एका तरुणीने त्या बंदबद्दल फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, तिच्या मैत्रिणीने ती पोस्ट लाइक केली. दोघींना अटक झाली. पोस्ट लिहिणारीच्या काकांच्या दवाखान्यात घुसून मोडतोड केली गेली. दोघी आपापल्या खऱ्या नावाने वावरत होत्या, आणि म्हणूनच जमाव पत्ता न शोधता थेट पोचला. पुढे गुन्हा टिकला नाही. याच अटकेमुळे श्रेया सिंघल नावाची तरुणी सुप्रीम कोर्टात गेली आणि मार्च २०१५ मध्ये ऑनलाइन 'आक्षेपार्ह' लिहिल्याबद्दल अटक करू देणारं आयटी कायद्याचं कलम ६६ अ रद्द झालं. पण दवाखान्यातल्या काचा तर फुटल्याच ना.

हा प्रयोग एका देशाने करूनही पाहिलाय. दक्षिण कोरियात २००७ पासून मोठ्या साइट्सवर काही लिहायचं तर आधी नागरिक क्रमांकावरून ओळख पटवावी लागे. यूट्यूबने २००९ मध्ये ओळख मागण्याऐवजी तिथल्या आवृत्तीवर व्हिडिओ टाकणं आणि कमेंट करणंच बंद केलं. २०११ मध्ये 'नेट' (Nate) आणि 'सायवर्ल्ड' या तिथल्या साइट्सवर हॅकर घुसले आणि साडेतीन कोटी लोकांची माहिती पळवली. देशाची लोकसंख्या पाच कोटी! ऑगस्ट २०१२ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने तो कायदा एकमताने रद्द केला. बेकायदा मजकूर काही फारसा कमी झाला नाही, लोक मात्र परदेशी साइट्सकडे वळले, असं न्यायालयाने नोंदवलं.

आपल्याकडे तर आणखी एक भानगड आहे. इथे पूर्ण नाव सांगितलं की बऱ्याचदा जात, धर्म, गाव, सगळंच सांगून होतं. वसतिगृहाच्या आमटीत अळ्या निघाल्या असं लिहिणारा पोरगा, साहेबांचा हात कुठे कुठे जातो हे लिहिणारी कंत्राटी नर्स, टाकीचं बिल निघालं पण टाकी कुठाय असं विचारणारा गावातला कुणी. यांच्या मुद्द्याला उत्तर मिळायचं तेव्हा मिळेल, आधी प्रश्न येतो, "हा कुणातला?" आणि मग घरी दोघं-चौघं 'समजावायला' जातात. नर्सच्या कंत्राटाचं नूतनीकरण होत नाही, एवढंच. कागदावर कुणी काही केलेलं नसतं.

(टोपणनावाला भेकडपणा म्हणणाऱ्यांसाठी एक आठवण. १८४८ मध्ये 'प्रभाकर' साप्ताहिकात 'लोकहितवादी' या नावाने पत्रं येऊ लागली, तेव्हा ती लिहिणारे गोपाळ हरी देशमुख इंग्रज सरकारच्या नोकरीत होते.)

"मग काय, मोकाट सोडायचं?" अजिबात नाही. नाव लपवून धमकी देणं हा १८६० च्या भारतीय दंड संहितेतही गुन्हा होता, कलम ५०७. आता भारतीय न्याय संहितेत ३५१(४). धमकीच्या शिक्षेवर आणखी दोन वर्षांपर्यंत जादा शिक्षा. दुसऱ्याच्या नावाने खातं काढणं, पाठलाग, नको ते फोटो टाकणं, सगळ्याला कलमं आहेत. आणि मुळात सिमकार्ड ओळखपत्राशिवाय मिळत नाही, त्यामुळे 'फेक अकाउंट' आपल्यापासून लपलेलं असतं, पोलिसांपासून बहुतेकदा नाही.

आमच्या ओळखीतल्या एका मुलीचे फोटो उचलून कुणीतरी खोटं खातं काढलं होतं. ठाण्यात पहिलं उत्तर मिळालं, "तिचंच अकाउंट बंद करून टाका ना." आई-वडील हेलपाटे घालत राहिले. शेवटी एका पीएसआयने मनावर घेतलं. कंपनीला पत्र गेलं, आयपी पत्ता आला, त्यावरून मोबाइल नंबर, नंबरवरून पोरगा. शेजारच्याच गल्लीतला. त्याला शोधायला लागला त्याच्या कितीतरी पट जास्त वेळ तक्रार नोंदवून घ्यायला लागला होता.