प्रतिष्ठेचे राजकारण आणि जपान : १९१९ ते १९३६

युद्धांची कारणे सांगताना आपण जमीन, तेल आणि बाजारपेठ यांची नावे चटकन घेतो. ‘आमच्या योग्यतेचा मान आम्हाला मिळाला नाही’ ही तक्रार मात्र कारण म्हणून नोंदवायला संकोच वाटतो, कारण ती लग्नातल्या मानपानाच्या रुसव्याफुगव्यांसारखी भासते. दोन महायुद्धांमधल्या जपानचा इतिहास वाचताना माझे मत असे झाले आहे की ही तक्रार गंभीरपणे घेतलीच पाहिजे. फक्त अपमान झाला म्हणून राष्ट्र चिडले आणि चिडले म्हणून लढले, इतके ते सरळ नसते. बाहेरून आलेल्या प्रत्येक नकारामुळे त्या देशातली समंजस माणसे घरच्या मंडळींसमोर तोंडघशी पडतात, आणि खरे नुकसान तिथे होते.

पहिल्या महायुद्धानंतरच्या पॅरिस शांतता परिषदेत, ११ एप्रिल १९१९ रोजी क्रियाँ हॉटेलात राष्ट्रसंघाचा (लीग ऑफ नेशन्सचा) मसुदा करणाऱ्या समितीची अखेरची बैठक झाली. जपानचे प्रतिनिधी बॅरन माकिनो नोबुआकी यांनी फेब्रुवारीत वंशावरून भेदभाव नसावा असे कलम सुचवले होते. ते मान्य होत नाही असे दिसल्यावर त्यांनी ‘वंश’ हा शब्दच गाळला आणि राष्ट्रांची समानता व त्यांच्या नागरिकांना न्याय्य वागणूक एवढे तत्त्व प्रस्तावनेत नमूद करावे, अशी मागणी केली. सतरापैकी अकरा मते तिच्या बाजूने पडली. त्यांत फ्रान्स आणि इटली होते, चीनही होता. अध्यक्षस्थानी असलेले अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी मात्र अशा विषयाला एकमत लागते, असा निर्णय देऊन ती मागणी निकालात काढली. ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान बिली ह्यूज गोऱ्यांपुरत्या ऑस्ट्रेलियाच्या धोरणासाठी हटून बसले होते, ब्रिटनला त्यांना दुखवायचे नव्हते, आणि विल्सन यांना स्वतःच्या सिनेटची धास्ती होती. ज्या वाक्याने कोणाचीही एक इंच जमीन जाणार नव्हती, ते वाक्य असे राहून गेले.

जपानला एकाच परिषदेत दोनदा नाही म्हणणे अवघड होते, असे मला वाटते. ३० एप्रिलला चीनच्या शांटुंग प्रांतातले जर्मनीचे हक्क जपानच्या पदरात पडले. म्हणजे माकिनोंच्या प्रस्तावाला मत देणाऱ्या चीनलाच त्या नकाराची किंमत मोजावी लागली. ४ मे रोजी बीजिंगचे विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि चीनने व्हर्सायच्या तहावर सही केली नाही. त्याच वसंतात कोरियातली स्वातंत्र्याची निदर्शने जपान बळाने चिरडत होता, हेही विसरता कामा नये. जपानला सर्वांची बरोबरी नको होती. पाच बड्यांच्या पंक्तीत आपले पान कोणी खालच्या बाजूला मांडू नये, एवढेच त्याला हवे होते.

याच परिषदेकडे आपल्याकडूनही एक जण डोळे लावून बसले होते. काँग्रेसने दिल्लीच्या अधिवेशनात प्रतिनिधी म्हणून निवडलेले लोकमान्य टिळक ब्रिटिश पत्रकार व्हॅलेंटाइन चिरोल यांच्यावरील बदनामीच्या खटल्यासाठी लंडनमध्येच होते; सरकारने पॅरिसला जाण्याचा परवाना नाकारल्यावर त्यांनी मार्चमध्ये परिषदेचे अध्यक्ष, फ्रान्सचे पंतप्रधान क्लेमांसो यांना निवेदन पाठवले. तहावर भारताच्या वतीने सही झाली ती बिकानेरचे महाराज गंगासिंह आणि भारतमंत्री माँटेग्यू यांची. भारत राष्ट्रसंघाचा संस्थापक सदस्य झाला, पण त्याच्या खुर्चीवर कोणी बसायचे हे लंडनने ठरवले.

वॉशिंग्टनच्या नौदल परिषदेत १९२२ साली मोठ्या युद्धनौकांचे प्रमाण ठरले : अमेरिका आणि ब्रिटन प्रत्येकी ५,२५,००० टन, जपान ३,१५,००० टन, म्हणजे पाच, पाच आणि तीन. थंड डोक्याने पाहिले तर हा सौदा जपानच्या फायद्याचा होता. अमेरिकेला आपले आरमार दोन महासागरांत वाटून ठेवणे भाग होते, शिवाय फिलिपाइन्स आणि ग्वाम येथे नवी तटबंदी न करण्याचे तिने मान्य केले होते. जपानचे प्रमुख प्रतिनिधी अॅडमिरल काटो तोमोसाबुरो यांना हे उमगले होते. नौदलातल्या कडव्या मंडळींना मात्र ‘तीन’ हा आकडा खुपत राहिला. त्यांना अमेरिकेच्या किमान सत्तर टक्के आरमार हवे होते.

त्यावर १९२४ चा अमेरिकेचा स्थलांतर कायदा आला. इतरांसारखा कोटा दिला असता तर वर्षाला जेमतेम दीडशे जपानी आत आले असते. त्याऐवजी ‘नागरिकत्वास अपात्र’ अशा शब्दांत दारच बंद झाले. (भारतातून अमेरिकेत गेलेले भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात १९२३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हीच अपात्रता भारतीयांनाही लावली होती.) राष्ट्रसंघाच्या सचिवालयात काम करणारे आणि जन्मभर दोन्ही देशांत सेतू बांधू पाहणारे नितोबे इनाझो यांनी हा कायदा असेपर्यंत अमेरिकेत पाऊल टाकणार नाही, असे जाहीर केले. असा माणूस दुरावतो तेव्हा टोकियोतल्या चर्चेत पाश्चात्त्यांशी जुळवून घ्या असे सांगणारा एक आवाज कमी होतो.

युद्धनौकांवरच्या मर्यादा पुढे नेणाऱ्या १९३० च्या लंडन नौदल तहाला मान्यता देणारे पंतप्रधान हामागुची यांच्यावर टोकियो स्थानकात गोळी झाडली गेली आणि पुढच्या वर्षी ते वारले. माकिनोंच्या निवासस्थानावर मे १९३२ मध्ये बाँब टाकण्यात आला, आणि तरुण लष्करी अधिकाऱ्यांच्या फेब्रुवारी १९३६ च्या बंडात सैनिक पुन्हा त्यांच्या मागावर गेले. दोन्ही वेळा ते वाचले. पॅरिसमध्ये जपानच्या मानासाठी उभा राहिलेला हा माणूस पंधरा वर्षांत त्या मानाच्या नावाने शस्त्र उचलणाऱ्यांना शत्रू वाटू लागला होता.

सम्राट हिरोहितो यांनी १९४६ साली सांगितलेल्या आठवणींत युद्धाची मुळे १९१९ च्या नकारात आणि कॅलिफोर्नियातल्या जपान्यांना मिळालेल्या वागणुकीत असल्याचे म्हटले. पराभवानंतर हे म्हणणे सोयीचे होते. १९३१ साली चीनचा मांचुरिया घेतला तो तिथे तैनात असलेल्या जपानच्या क्वांटुंग सैन्याने आखलेल्या कटातून, आणि त्या सैन्याला पॅरिसच्या प्रस्तावनेचे सोयरसुतक नव्हते. पण त्या सैन्याला आवर घालू शकणारी माणसे इतकी दुबळी का झाली होती, या प्रश्नाचे बरेचसे उत्तर त्या नकारांत सापडते.

शेवटी पूर्ण बरोबरीची मागणी करत जपानने जानेवारी १९३६ मध्ये लंडनची दुसरी परिषद सोडली आणि त्या वर्षाअखेर वॉशिंग्टनचा तहही संपला. कागदावर आता कोणतीही मर्यादा उरली नव्हती, आणि अर्थात अमेरिकेवरही नव्हती. जुलै १९४० मध्ये अमेरिकेने एकाच कायद्याने आपले आरमार सुमारे सत्तर टक्क्यांनी वाढवण्याचे ठरवले, तेव्हा पाचाला तीन हे प्रमाण टिकवणेही जपानच्या कारखान्यांच्या आवाक्याबाहेर गेले होते.