दूध घाला, हप्ता भरा आणि गप्प बसा

काल रात्री साडेनऊला मोबाईलवर मेसेज आला. दूध दरात कपात. लागू कधीपासून? एक तारखेपासून. आज तारीख बारा. म्हणजे अकरा दिवस मी जे दूध घातलं, ज्यासाठीचा चारा गाईंनी खाल्ला, रवंथ केला, त्याचं शेणसुद्धा उचलून झालं, त्या दुधाचा भाव काल रात्री ठरला. मागच्या तारखेनं. आणि दूध तर कधीच टँकरमधून निघून गेलंय, परत मागणार तरी काय?

मला असा दुसरा एक धंदा दाखवा, जिथे माल आधी देऊन टाकायचा आणि भाव घेणाऱ्यानं सवडीनं कळवायचा. पेंडवाला असं करतो का? औषधवाला करतो का? ते त्यांचा भाव सांगतात आणि मी मुकाट्यानं देतो. माझं दूध घेणाराही त्याचा भाव सांगतो आणि मी मुकाट्यानं घेतो. विकत घेतानाही मान माझीच खाली आणि विकतानाही माझीच.

आणि मी दूध अडवू शकत नाही, हे त्यांना पक्कं माहीत आहे. धान्यवाला पोती रचून ठेवतो, भाव आला की काढतो. दूध निघालं की तातडीनं ४ अंशांवर आणायचं, आणि तसं करूनही ते दोन-तीन दिवसांच्या वर गोठ्यावर ठेवता येत नाही. पहाटे चारला गोठ्यात जा. कास तटतटून फुगलेली, सड ताठलेले, माणसाची चाहूल लागली की काहींचं दूध आपोआप जमिनीवर ठिबकायला लागतं. एक धार चुकवली तर गाय बेचैन होते, दोन चुकवल्या तर दगडी, म्हणजे कासेला सूज, व्हायची भीती. भाव परवडत नाही म्हणून आज धार काढत नाही, असं मी त्या मुक्या जनावराला कोणत्या तोंडानं सांगू?

बरं, मी चाळीस गाई स्वतःच्या हौसेनं केल्या नाहीत. माझ्याकडे बारा होत्या. बारा गाईंचं घरच्या घरी भागत होतं, चारा शेतातला, हात घरचे. मग सुरू झालं, "वाढवा". जो भेटेल तो हेच. मेळाव्यात हेच, खुराक विकणारा हेच, मशीन विकणारा हेच, दूध घेणारे तर बोलवून बोलवून सांगायचे की बारा गाईंवर टिकाव लागणार नाही, पुढं टँकर लहान गोठ्यावर थांबणारही नाही. त्या वर्षी दर चांगला होता. कर्ज द्यायला माणूस घरी आला, ओट्यावर बसला, चहा पिऊन गेला. आज तोच माणूस फोनवर माझं नाव न घेता खाते क्रमांक घेतो.

त्या कर्जाचा प्रकल्प अहवाल अजून माझ्या कपाटात आहे. काल रात्री काढून परत वाचला. सात वर्षांचे सात रकाने. सातही रकान्यांत दुधाचा दर एकच, तो त्या चांगल्या वर्षाचा. सातही रकान्यांत खुराकाचा दर एकच. एकही गाय आजारी पडत नाही, एकही गाय उलटत नाही, म्हणजे भरवूनही गाभण राहिली नाही असं होत नाही, एकही वासरू मरत नाही. शिकलेल्या माणसानं केलेला कागद आहे तो, शिक्का मारलेला. त्या कागदावर माझी जमीन तारण आहे! ज्यानं कागद केला त्याचं काय तारण आहे?

दर दहा टक्क्यांनी उतरला की बाहेरची माणसं म्हणतात, दहा टक्केच ना, चालायचंच. त्यांना समजत नाही. शंभरातले नव्वद जर खुराक, चारा, औषध, वीज, मजुरी आणि हप्ता यांतच जात असतील, तर दर दहा टक्क्यांनी उतरणं म्हणजे घरात येणारं सगळंच्या सगळं बंद होणं. त्याच्या खाली उतरला की प्रत्येक लिटरमागे मी माझ्या खिशातले पैसे घालून दुसऱ्याला दूध पाजतो. आणि दूध जितकं जास्त, तितकं माझं नुकसान मोठं. बारा गाईंवर हा खड्डा लहान असता. चाळीसवर तो चाळीस गाईंएवढा आहे.

लोक म्हणतात, मग दूध कमी करा. हे बोलणाऱ्यानं आयुष्यात एक तरी गाय विताना बघितली आहे का? आज गाय भरवली तर ती विणार साधारण २८० दिवसांनी. कालवड झाली तर ती दुधाला यायला आणखी दोन वर्षं. म्हणजे आज घेतलेल्या निर्णयाचं दूध तीन वर्षांनी बादलीत पडतं. दर चढलेला असताना सगळ्यांनी कालवडी राखल्या, सगळ्यांनी गोठे वाढवले, आणि सगळ्यांचं दूध एकदमच बाजारात आलं. दर पडला. आता दर पडला तर सगळ्यांना हप्ता भरायचाय, म्हणून जो तो आहे त्या गाईंकडून आणखी दोन लिटर काढायच्या मागे लागतो. त्यानं दर अजून पडतो. अमेरिकेतले शेती-अर्थतज्ज्ञ विलर्ड कॉक्रेन यांनी १९५८ मध्ये या चक्राला ट्रेडमिल म्हटलं होतं, शेतकरी पळत राहतो आणि जागचा हलत नाही. १९५८! साठ वर्षांहून जास्त काळ शिकल्या-सवरलेल्यांना हे ठाऊक आहे, आणि तरी ओट्यावर बसून मला सांगतात, वाढवा.

युरोपात काय झालं ते बघा. तिथं १९८४ पासून दूध उत्पादनावर कोटा होता, म्हणजे किती दूध काढायचं त्याची हद्द ठरलेली. तो ३१ मार्च २०१५ ला उठवला. त्याआधी तिथल्याही शेतकऱ्यांच्या कानात हेच भरलं गेलं होतं, तयार व्हा, मोठे व्हा, जगाचा बाजार उघडतोय. त्यांनी गोठे बांधले, कर्जं काढली. पण ऑगस्ट २०१४ मध्येच रशियानं युरोपच्या दुग्धजन्य मालाला दार बंद केलं होतं, चीनची खरेदी मंदावली होती. दूध आलं आणि दर कोसळला. मग २०१६ मध्ये त्याच युरोपियन युनियननं १५ कोटी युरो काढले, ते शेतकऱ्यांनी दूध कमी करावं म्हणून! कमी केलेल्या दर किलोमागे १४ सेंट. वर्षभरापूर्वी ज्यांना मोकळं सोडलं, त्यांनाच आता आवरा म्हणून पैसे. ज्याच्या डोक्यावर नव्या गोठ्याचं कर्ज होतं त्यानं कसं आवरायचं? गोठा अर्धा रिकामा केला तरी हप्ता अर्धा होत नाही.

तिथं निदान दूध कमी करायचे पैसे तरी मिळाले, हेही म्हणायला हवं.

आणि कुठं शेतकऱ्यांनी दूध ओतलं की सगळ्यांना एकदम अन्नाचा अपमान आठवतो. सप्टेंबर २००९ मध्ये बेल्जियममधल्या शेतकऱ्यांनी ट्रॅक्टरला टाक्या जोडून सुमारे ३० लाख लिटर दूध शेतात सोडलं. लोकांनी नावं ठेवली. अरे, ज्यानं रात्री अंगावर चीक आणि रक्त घेऊन ते वासरू ओढून काढलं, ज्यानं त्या गाईला तिसऱ्या दिवशी उठता येईना म्हणून सलाईन लावून मांडीवर तिचं डोकं धरलं, त्याला दूध ओतताना काय होत असेल याचा विचार करा आणि मग बोला. कुणी मजेनं ओतत नाही.

आता सल्ल्यांविषयी. मला सगळ्यात जास्त संताप या सल्ल्यांचा येतो.

"खर्च कमी करा." कुठला? अर्ध्याहून जास्त खर्च खाण्याचा आहे. गाय व्याल्यावर सहा ते आठ आठवड्यांत दुधाच्या टोकाला पोचते. त्या काळात ती खाते त्यापेक्षा जास्त देते, स्वतःच्या अंगावरचं मांस गाळून देते. तेव्हा मी खुराक तोडला तर दूध पडतं, आणि ते त्या वेतात पुन्हा चढत नाही. गाय हडकते. हडकली की माजावर येत नाही. माजावर आली नाही की भरत नाही. भरली नाही की पुढचं वेत लांबतं, आणि तितके महिने मी तिला भाकड सांभाळायची. एक पोतं पेंड वाचवायला जाऊन वर्ष घालवायचं. मी एकदा केलं हे, मागच्या पडत्या काळात. नऊ गाई उलटत राहिल्या. गेल्या वर्षभर त्याचे चटके सोसतोय. त्यात फॅटही उतरली आणि फॅट कमी म्हणून दर आणखी कापला.

"प्रक्रिया करा, स्वतः विका." म्हणजे पहाटे चारला धार, सहाला शेण, मग चारा, मग मुरघास, दुपारी डॉक्टर, चारला पुन्हा धार, आणि या सगळ्यातून उरलेल्या वेळात कारखाना चालवा, गाडी चालवा, दुकानं फिरा. आणि त्यासाठी भांडवल? पुन्हा कर्ज. ज्या विहिरीत पडलोय तिच्यातच आणखी खोल जायला सांगतात.

"गाई विका." परवा व्यापारी आला होता. गोठ्यात एक चक्कर मारली, दुसऱ्या वेताची चांगली गाय, कास बघितली, दात बघितले, आणि जो आकडा बोलला तो मी तिला घेतली तेव्हाच्या निम्माही नव्हता. "भाऊ, दुधालाच दर नाही तर गाईला कोण देणार?" बरोबर आहे त्याचं. मी त्याच्यावर चिडलो नाही. पण कर्ज चढ्या भावातल्या गाईंवर काढलंय आणि विकायच्या पडत्या भावात. सगळ्या चाळीस विकल्या तरी कर्ज फिटत नाही. म्हणजे धंदा चालू ठेवला तर तोटा, बंद केला तर जमीन जाते.

माझी बायको रोज वासरांना दूध पाजते, बादल्या धुते, मशीनचे कप धुते, आजारी वासराला रात्री पोत्यात गुंडाळून शेकते. पाच-साडेपाच तास होतात दिवसाचे. त्या प्रकल्प अहवालात तिच्या मजुरीचा रकानाच नाही. माझ्याही मजुरीचा नाही. मी हिशेब करून सांगतो, आम्हा दोघांची मजुरी लावली तर तो चांगला दर सुद्धा तोट्याचाच होता. तो दर चांगला दिसला तो आमच्या फुकटच्या राबण्यावर. आणि मी दर पडला म्हणून हळहळलो तर ती मलाच धीर देते, त्याचा मला जास्त त्रास होतो.

२०१८ मध्ये अमेरिकेतल्या एका दूध सहकारी संस्थेनं सभासदांना दुधाच्या पेमेंटबरोबर एक पत्र पाठवलं. त्यात पुढचे दर कसे पडणार आहेत ते लिहिलं होतं आणि त्याच पाकिटात आत्महत्या रोखण्यासाठीच्या मदतीचे फोन नंबर होते. ते वाचल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाही. पाठवणाऱ्याला दोष देत नाही मी, त्यांना काळजी वाटली म्हणून पाठवलं असेल. पण एका पाकिटात पडता दर आणि त्याच पाकिटात तो नंबर! म्हणजे हा दर माणसाला कुठं नेऊन ठेवतो हे पाठवणाऱ्यांनाही माहीत होतं.

दुकानातला दर मात्र जागचा हलत नाही. माझा दर उतरतो, पिणाऱ्याला दूध स्वस्त मिळत नाही. माझ्या आणि त्याच्या मधले सगळे आपापला वाटा आधी काढून घेतात आणि जो घसारा, जी जोखीम, ती सगळी खाली ढकलत ढकलत गोठ्यात आणून टाकतात. खुराकाचे पैसे तर माझ्या पेमेंटमधूनच कापून घेतात, पेमेंट हातात येण्याआधी. बँकेचा हप्ताही तिथूनच. मागच्या दहा दिवसांच्या बिलावर खाली जो आकडा उरला होता, त्यात डॉक्टरची एक व्हिजिट झाली नसती.

मला भीक नकोय. मला मागच्या तारखेनं दर कापणं बंद हवंय. पुढच्या महिन्याचा दर आधी सांगा, मग मी ठरवीन कुठली गाय आटवायची आणि किती खुराक भरायचा. सात वर्षांचं कर्ज देताय ना, मग दुधाचा करारही काही वर्षांचा द्या, ज्यात खुराकाचा भाव चढला की दूधही चढेल. दर पडलेल्या महिन्यांत हप्ता लहान आणि चढलेल्या महिन्यांत मोठा, असं कर्ज का निघत नाही? हिशेब तर संगणकच करतो. कॅनडात १९७० च्या दशकापासून दूध किती काढायचं आणि शेतकऱ्याला किती मिळायचं हे उत्पादन खर्च धरून ठरवतात. तिथं कोटा विकत घ्यायलाच खूप पैसा लागतो, नवा पोरगा धंद्यात येऊ शकत नाही, ते दुखणं आहेच. पण खर्च बघून दर ठरवता येतो, एवढं तरी त्यातून दिसतं. मला मात्र दरवेळी सांगतात की बाजारापुढं कुणाचं चालत नाही.

उद्या सकाळी मी बँकेत जाणार आहे, तो सात रकान्यांचा कागद घेऊन. टेबलावर ठेवून विचारणार आहे की यातला एक तरी आकडा खरा झाला का.

पण आधी आजची रात्र. ३१ नंबरची कालवड संध्याकाळपासून खात नाही, शेपटी वर करून कोपऱ्यात फिरतेय, मागचं अंग सैल पडलंय. नव्या गोठ्यात जन्मलेली पहिली कालवड ती, पहिलंच वेत. तिला भरवली तेव्हा दर चांगला होता. गरम पाणी ठेवलंय, दोरी धुऊन ठेवलीय. बायको बॅटरी घेऊन आधीच गोठ्यात जाऊन बसलीय.