नाक माझं, पैसे माझे, आणि तक्रार करायची मात्र चोरी

आज दुपारी पतसंस्थेत काउंटरवर होते, बऱ्यापैकी लाइन होती, आणि पासबुक भरून घ्यायला आलेल्या एक ओळखीच्या काकू काचेच्या खिडकीतनं वाकून बघत मोठ्यांदा म्हणाल्या, "अगं नाकाचं काय करून घेतलंस गं हे, आधीचंच बरं होतं की!" मागची सगळी लाइन माझ्या नाकाकडं बघायला लागली. ज्यांनी आजवर कधी नीट बघितलं नव्हतं त्यांनीपण बघितलं. मी हसले, शिक्का मारला, पासबुक सरकवलं, पुढचं कोण म्हणलं. आता रात्री भांडी आवरून झाल्यावर लिहायला बसलीय कारण झोप येणार नाहीये.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. गेल्या दिवाळीनंतर मी पुण्यात नाकाचं ऑपरेशन करून घेतलं, राइनोप्लास्टी. नाकावर उंचवटा होता आणि शेंडा जाड होता. सांगलीत जन्म गेला, शाळेपासून नकटी नाही तर भजं, दोन्हीपैकी एक नाव असायचंच. कांदेपोह्याच्या वेळी एका स्थळानं मध्यस्थाकडनं निरोप पाठवलेला, "बाकी सगळं पसंत आहे, नाक तेवढं जरा..." ते 'जरा' मी बरीच वर्षं सांभाळलं. मग भिशी लागली, थोडे साठवलेले होते, आणि ठरवलं. नवऱ्याचा एक रुपया नाही त्यात. (हे मुद्दाम लिहितेय, कारण नेहमीचे दोघं-तिघं हाच प्रश्न विचारणार.)

निकाल काय लागला तर उंचवटा गेला, पण गरजेपेक्षा जास्त गेला. मधे खोलगट झालंय आणि शेंड्याच्या बरोब्बर वर फुगवटा आलाय, त्यामुळं बाजूनं बघितलं की आधी खड्डा मग टेकाड. आणि डाव्या नाकपुडीनं श्वास ओढला की आतनं काहीतरी चिकटल्यागत बंद होतं. डावीकडचा गाल बोटानं बाहेर ओढला की लगेच मोकळं. रात्री मी गाल धरून झोपते म्हणलं तर हसाल, पण झोपते.

हे सगळं मी फॉलोअपला सांगितलं. सविस्तर सांगितलं, फोटो काढून नेलेले. डॉक्टरांनी टॉर्चनं दोन सेकंद बघितलं, ग्लोव्हज काढले, आणि माझ्याकडं न बघता शेजारी बसलेल्या माझ्या नवऱ्याला म्हणाले, "मॅडमना आरशात जरा कमी बघायला सांगा."

मॅडमना सांगा! मॅडम तिथंच बसलेली, चेक मॅडमनं फाडलेला, भूल मॅडमला दिलेली, नाकात पट्ट्या घालून आठवडाभर तोंडानं श्वास घेतलेला मॅडमनं, आणि सांगायचं कुणाला तर नवऱ्याला. आमचे हे बिचारे "हो डॉक्टर" म्हणाले. गाडीत बसल्यावर साताऱ्यापर्यंत मी एक शब्द बोलले नाही. साताऱ्यात चहाला थांबलो तेव्हा हे म्हणाले, "अगं मी काय म्हणणार होतो मग?" ते पण खरंच, पण तेव्हा तो चहासुद्धा गोड लागला नाही.

आता मला खरं जे बोलायचंय ते. आपल्याकडं कुणाचा गुडघा बदलला आणि तो नीट बसला नाही तर आख्खी गल्ली शहाळी घेऊन भेटायला येते. डॉक्टरला शिव्या घालायला शेजारीपण हजर असतात, "दुसरीकडं दाखवा ओ, मिरजेत अमुक आहेत" म्हणून नंबर देतात. आणि नाकाचं बिघडलं की? "कुणी सांगितलं होतं?" "देवानं दिलेलं काय वाईट होतं?" "हौसेला मोल नाही." म्हणजे ऑपरेशन हौसेचं होतं म्हणून काम वाईट झालं तरी गप्प बसायचं. शिंप्यानं ब्लाउज बिघडवला तर आपण दुकानात उभं राहून उसवून घेतो की नाही? तिथं कुणी म्हणत नाही की बाई तुला नटायची हौस, आता भोग.

हो, गुडघ्याशिवाय चालता येत नाही आणि जाड नाकानं जगता येतं. मान्य. पण श्वासाचं काय? तो तर मला आधी येत होता ना दोन्हीकडनं?

सासूबाईंना वाटतं मला नाद लागलाय. टीव्हीवर बघतात त्या, एकीनं सतरा ऑपरेशनं केली, चेहरा असा झाला न् तसा झाला. असतात अशी माणसं, कितीही केलं तरी समाधान होत नाही, त्याला बॉडी डिसमॉर्फिया म्हणतात आणि चांगले सर्जन ते आधी तपासतात, अशा माणसाला ऑपरेशन नाही तर समुपदेशन लागतं. ते सगळं ठीक आहे. पण मग तपासा ना! चार प्रश्न विचारा मला. टॉर्च दोन सेकंद आणि वर "आरशात कमी बघा" हे काय तपासणं झालं?

आणि तो सेल्फीवाला मुद्दा. चुलतभावानं लगेच पाठवला ग्रुपवर, की ताई, मोबाइल एक फुटावर धरला की नाक खऱ्यापेक्षा तीस टक्के रुंद दिसतं, पाच फुटावरनं काढलेल्या फोटोच्या मानानं. अमेरिकेतल्या डॉक्टरांनीच 2018 मधे हिशेब मांडलाय म्हणे. बरोबर असेल बाबा. पण माझं नाक रुंद दिसतंय ही तक्रारच नाहीये माझी. खड्डा आहे तिथं. बोटाला लागतो. डोळे मिटून लागतो.

बरं, रागाच्या भरात पुण्याच्या डॉक्टरांची एक गोष्ट राहायला नको. "सूज आहे, थांबा" असंपण ते म्हणालेले, आणि ते चूक नव्हतं. नाकाची सूज वर्ष वर्ष राहते, शेंड्याची सगळ्यात शेवटी उतरते, आणि माझ्यासारखी जाड कातडी असली की अजून वेळ लागतो. पण हे ऑपरेशनच्या आधी कुणी सांगितलं? आधी तर कॉम्प्युटरवर माझा फोटो घेऊन माऊसनं नाक ओढून दाखवलेलं, एका मिनिटात चाफेकळी. त्या स्क्रीनवर कुठं सूज नव्हती.

शेवटी मीच मिरजेला गेले. आपल्याला किंमत नसते, पण कर्नाटकातनं लोक गाड्या करून येतात मिरजेत दाखवायला आणि आपण उठून पुण्याला पळतो. तिथल्या कान-नाक-घशाच्या डॉक्टर बाईंनी दुर्बीण घालून बघितलं, नीट, दोन्हीकडं. मग एक कागद घेतला आणि नाकाचं चित्र काढून मला समजावलं. मला. हे बाहेरच बसलेले. म्हणाल्या उंचवटा काढताना मधला आधार जास्त कमी झालाय, त्यामुळं डावीकडची आतली झडप श्वास घेताना आत ओढली जातेय. तुम्ही गाल ओढल्यावर मोकळं होतंय ना, आम्हीपण तसंच करून बघतो. मी एवढी रडले त्या खुर्चीत. त्यांना वाटलं दुखलं.

मग पुढचं. दुसरं ऑपरेशन, रिव्हिजन म्हणतात, ते पहिल्यापेक्षा अवघड असतं. आतमधे व्रण धरलेला असतो, थर एकमेकांना चिकटलेले असतात, नेमकं काय कुठं आहे ते उघडल्यावरच कळतं. आधार द्यायला कार्टिलेज लागतं, म्हणजे नाकाकानात असतं ते लवचिक, मऊ हाड. ते सहसा नाकाच्या मधल्या पडद्यातनं घेतात, पण माझ्या पडद्यातलं पहिल्याच वेळी वापरलंय. मग कानातलं घ्यायचं, त्यानं कानाचा आकार फारसा बदलत नाही म्हणे, फक्त ते मऊ आणि वळलेलं असतं. आणि जास्त लागलं तर बरगडीचं. बरगडीचं भक्कम, पण छातीवर छोटा व्रण राहतो आणि ते कार्टिलेज पुढंमागं वाकडं व्हायचा संभव असतो. त्याच्या बारीक पट्ट्या करून मधल्या पडद्याच्या दोन्ही बाजूंना बसवतात म्हणजे वाट रुंद राहते. फुगवटा जर नुसत्या व्रणाचा असला तर तिथं स्टेरॉइडचं बारीक इंजेक्शन देऊन आधी बघता येतं. आणि वर्ष पुरं झाल्याशिवाय त्या हात लावणार नाहीत. गॅरंटी देणार नाही असं स्पष्ट सांगितलं, आणि मला तिथंच त्यांच्यावर भरवसा बसला. फिलर, म्हणजे इंजेक्शननं भरतात ते जेल, भरून खड्डा झाकता येतो का विचारलं तर म्हणाल्या, ऑपरेशन झालेल्या नाकात नको, रक्तवाहिनीत गेलं तर कातडी मरते, क्वचित नजरपण जाते. इन्स्टावर तर लंच ब्रेकमधे करून या म्हणतात हेच!

त्यांनी आधीच्या ऑपरेशनच्या नोट्स मागितल्या. काय काढलं, काय घातलं, सगळं लिहिलेलं असतं त्यात. पुण्याला फोन केला तर रिसेप्शनवरनं आज सर नाहीत, उद्या सिस्टीम बंद आहे, परवा मेल करा. मग नणंदेनं, ती नर्स आहे, सांगितलं की वहिनी, 2002 च्या मेडिकल कौन्सिलच्या नियमात आहे, पेशंटनं रेकॉर्ड मागितलं की 72 तासात द्यायला लागतं. तेवढं एक वाक्य मेलमधे टाकलं आणि दुसऱ्या दिवशी पीडीएफ हजर. सिस्टीम चालू झाली! हे मात्र सगळ्यांनी लिहून ठेवा, नाक असो नाहीतर अपेंडिक्स.

मेडिक्लेमवाल्यांकडंपण चौकशी केलीय. दिसण्यासाठीचं ऑपरेशन कुठल्याच पॉलिसीत बसत नाही, अपघात, भाजणं, कॅन्सर असं काही असलं किंवा वैद्यकीय गरज आहे असं डॉक्टरांनी लिहून दिलं तरच. श्वासाच्या भागाचं काही होतंय का बघू. फार आशा नाही, मी स्वतः काउंटरच्या या बाजूला बसते, फॉर्म कसे परत जातात ते मला शिकवू नका.

आई मात्र वेगळंच बोलते. तिचं म्हणणं, तान्ही असताना मालिशला येणारी बाई माझं नाक नीट ओढायची नाही, घाईत असायची, पुढं अजून दोन घरं करायची असायची तिला. "तेव्हाच तेलाच्या बोटानं रोज ओढलं असतं तर ही वेळच आली नसती." आणि असं म्हणून ती परवा माझ्या नाकावरनं अंगठा फिरवत बसलेली, मी चौतिशीची बाई, तिच्या मांडीवर डोकं. खड्ड्यापाशी आल्यावर थांबली. काही बोलली नाही. मला म्हणाली, "कर गं तुला करायचं तर. मी येते दवाखान्यात राह्यला." एवढंच पाहिजे होतं खरं तर. पुण्याच्या खुर्चीत एवढंच कुणी म्हणलं असतं, की तुम्हाला त्रास होतोय, बघू काय करता येतं, तर मी एवढी पोस्ट लिहिली नसती. पण तिथं "आरशात कमी बघा".

आणि हे ज्या देशात! पहिली ते दहावी छाती फुगवून सांगतात आपल्याला, सुश्रुतानं नाक जोडलं. कावसजीचं माहितीये का? इंग्रजांच्या फौजेत बैलगाडी हाकणारा मराठा माणूस, 1792 च्या लढाईत टिपूच्या हाती लागला, नाक आणि एक हात कापला त्याचा. पुण्याजवळ एका वीटा पाडणाऱ्या जातीतल्या कारागिरानं मेणाचं नाक करून माप घेतलं, ते कपाळावर उलगडून तेवढी कातडी खाली वळवून नवीन नाक केलं. 1794 ला लंडनच्या मासिकात चित्रासकट छापून आलं, ते वाचून वीस वर्षांनी तिकडच्या सर्जनानं तसं ऑपरेशन केलं. त्या कारागिरानं आधी मेण लावून माप घेतलं, लक्षात घ्या. त्याच्याकडं कॉम्प्युटर नव्हता, माऊस नव्हता. बरं बरं, कावसजीचं नाक कापलेलं होतं आणि माझं जागेवर होतं, येणार ती कमेंट, माहितीये मला.

करणार का? बहुतेक करणार. अगदी शंभर टक्के नाही. पुन्हा पूर्ण भूल, पुन्हा तो आठवडा, पुन्हा सुट्ट्या टाकायच्या, आणि यावेळी भिशी आधीच उचललीय. यांना भुलीची भीती वाटते, ते उघड बोलत नाहीत पण परवा गणपतीला, मोठ्या देवळात, जरा जास्तच वेळ उभे होते. आणि मला भीती आहे की अजून एक वर्ष सुजेची वाट बघायची आणि परत काहीतरी तिसरंच निघायचं. श्वासाचं तेवढं करून दिसण्याचं सोडून द्यावं का, असंही मनात येतं. मग दुसऱ्या मिनिटाला वाटतं का सोडू? नथ घातली की ती आता खड्ड्याकडं बघून तिरपी बसते, गौरीच्या फोटोत दिसेल ते. आणि उघडणारच आहेत तर दोन्ही एकदमच करतात, वेगळं काही नसतं, तीच पट्टी श्वासालाही आणि आकारालाही.

"आरशात कमी बघा" हे वाक्य मात्र मी आता कुणाकडनं ऐकून घेणार नाही. काउंटरवर नाही आणि घरातपण नाही. बघणार. माझ्या तोंडाला मी नाही बघायचं तर कुणी?

तर मदत पाहिजे ती अशी. तुमच्यापैकी किंवा ओळखीत कुणी नाकाचं दुसऱ्यांदा केलं असेल, सांगली, कोल्हापूर, पुणे कुठंही, तर इनबॉक्समधे या, नाव कुठं जाणार नाही. बरगडीचं कार्टिलेज घेतलेल्यांनी छाती किती दिवस दुखली आणि खोकताना काय करायचं ते सांगा. कानातलं घेतलेल्यांनी त्या कुशीवर झोपायला कधी जमलं ते सांगा. रेट नका सांगू, ते मी डायरेक्ट विचारते. आणि घरगुती उपाय, क्लिपा, नाकाचे व्यायाम, हळद-सायीचे लेप पाठवू नका प्लीज, हळदीच्याच गावात राहते मी.